गळालेली टिंबं

१

शुक्रवारी सकाळी नंदा कामाच्या खुर्चीवरून खाली कोसळली, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर तिच्या डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग मंदाकिनीबाईंची किंकाळी. मी आत धावलो. पोर जमिनीवर होती आणि तिने दोन्ही हात डोळ्यांवर घट्ट दाबून धरले होते.

"काका, बंद कर! आधी तो बंद कर!"

"काय बंद करू गो बाय?"

"पडदा! तो हलतोय!"

मी पाहिलं. मॉनिटर टेबलावर गपगार बसला होता. पांढऱ्या काचेवर काळी अक्षरं होती आणि त्यातलं एकही हलत नव्हतं. तरी मी बटण दाबलं. काच काळी झाली तेव्हा कुठे पोरीने हात खाली घेतले, आणि ओकली.

नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हरिहर पोंक्ष्यांचं अक्षरजुळणीचं दुकान होतं. एकेक खिळा वेचून मजकूर जुळवायचे दिवस सरत आले होते आणि ठाण्यात नुकते संगणक आले होते. पोंक्ष्यांकडे दोन होते. एकावर मंदाकिनीबाई बसत, दुसऱ्यावर माझ्या धाकट्या भावाची मुलगी नंदा. आम्ही कोलशेतचे कोळी. खाडीत मासा उरला नव्हता, भाऊ वारला होता, आणि नंदाच्या पगारावर आमची चूल पेटत होती.

तिचं दुखणं वेगळं होतं. ट्यूब लुकलुकली तरी तिची अर्धशिशी उठे. समोरचं अर्धं जग दिसेनासं होई, मग उलटी, मग भोवळ. एकदा रस्त्यातच पडली, तेव्हापासून मी तिला आणायला-सोडायला येत होतो. डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत हो. त्यांना लुकलुक सोसत नाही, एवढंच. मॉनिटरची काच सारखी विझते आणि पेटते. आपल्याला कळत नाही, हिला कळतं."

मग उन्हाळ्यात पोंक्ष्यांनी तिच्यासाठी खास मॉनिटर मागवला. अशा नाजूक डोळ्यांसाठीच बनवलेला, थरथर नसलेला. यंत्रं दुरुस्त करणारा तानाजी कल्याणहून तो घेऊन आला होता. त्याने आम्हाला गंमत दाखवली होती. साध्या मॉनिटरसमोर पेन्सिल जोरात हलवली की सुट्या सुट्या पेन्सिलींचा पंखा उघडल्यासारखा दिसे. नव्यासमोर हलवली की नुसता एक धुरकट पट्टा.

"बघ काका, ह्याची काच विझतच नाय मधे," तानाजी म्हणाला होता.

त्या दिवसापासून नंदाचं डोकं एकदाही दुखलं नव्हतं. दसरा झाला आणि पुन्हा सुरू झालं. आधी थोडं थोडं, मग रोज, आणि आज हे.

पोंक्षे आतल्या खोलीतून आले. माणूस वाईट नव्हता, पण दिवाळी अंक तोंडावर आला होता.

"गुणाजी, मी माझ्या परीने केलं. आता खास मॉनिटरसुद्धा हिला चालत नाही म्हटल्यावर मी काय करू? आणि हिच्या पानांत चुका किती! सोमवारी डोंबिवलीच्या क्लासची एक मुलगी येते आहे. हिला घरी न्या, विश्रांती द्या."

म्हणजे नोकरी गेली. नंदाने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला काय सुचलं कोण जाणे. मी मॉनिटर पुन्हा लावला. टेबलावरची पेन्सिल घेतली आणि काचेसमोर झपझप हलवली.

पेन्सिलींचा पंखा उघडला. एकेक पेन्सिल सुटी, मोजता यावी अशी.

"साहेब," मी म्हणालो, "हा तो पडदा नाही."

२

पोंक्ष्यांनी मॉनिटर फिरवला आणि पाठीमागची चिठ्ठी दाखवली. तिच्यावर तानाजीच्या गिचमिड अक्षरात 'नंदा' लिहिलं होतं.

"दोन्ही मॉनिटर एकाच कंपनीचे, कवच सारखंच. घोटाळा नको म्हणून तानाजीने ही चिठ्ठी लावली होती. चिठ्ठी इथेच आहे. मग पडदा कसा बदलेल?" ते बोलता बोलता थांबले. "कवच तेच, आणि काच दुसरी. म्हणजे आतला माल काढला! स्क्रू ड्रायव्हर कोणाकडे असतो? खंडेनवमीला यंत्रं पुसायला कोण आलं होतं?"

"तानाजी," मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नव्हती. बोटं चालूच होती.

"पोलिसांत देतो हरामखोराला!"

"द्या की," मागून आवाज आला. "पण आधी मला बसू द्या. जिना चढून दम लागलाय."

केशरबाई आल्या होत्या. जन्मभर एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाल्यावर पोंक्ष्यांच्या कामाला येत. गालात लवंग आणि कानावर लाल पेन्सिल. पान वाचताना त्या खालच्या ओळीपासून वर जात. म्हणत, वरून खाली वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की चूक दिसत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंदाच्या कपाळावर हात ठेवला. मग मॉनिटरभोवती एक फेरी मारली.

"हे काय टांगलंय?"

मॉनिटरवर आंब्याच्या पानांचा आणि भाताच्या लोंब्यांचा जुडगा होता. पानं वाळून कडक झाली होती.

"आमचं नवं," मी म्हणालो. "दसऱ्याला दाराला बांधतो ना, तसं नंदाने यंत्राला बांधायला आणलं. मी आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या पूजेला, बांधलं."

"तुम्ही? ही गाठ तुमची?"

मी वाकून बघितलं. दोऱ्याची फुलासारखी गाठ होती, पोरीबाळी रिबिनीला मारतात तशी.

"नाही. मी जाळ्याची गाठ मारली होती. ती सुटत नाही, कापावी लागते."

"हं," केशरबाई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठीच्या कडेला नख लावलं, बोट नाकाशी नेलं आणि पोंक्ष्यांकडे वळल्या. "पोंक्षे, सोमवारपर्यंत पोलीस नकोत आणि नवी मुलगीही नको. उद्या सकाळी सांगते."

"आणि नाही सांगता आलं तर?"

"तर तुमचं तुम्ही बघा."

नंदाने माझा हात पकडला. उद्या सकाळपर्यंत, एवढीच मुदत होती.

३

नंदाला रिक्षाने घरी सोडलं आणि दुपारच्या बसने केशरबाई आणि मी कल्याणला निघालो. तानाजीची खोली मोहन्याला होती. रस्ताभर माझं मन एकच सांगत होतं की तानाजीच चोर. पोरगा गोड बोलायचा आणि नंदाशी हसायचा. मला ते हसणं आधीपासून आवडत नव्हतं.

खोलीभर उघडे टीव्ही आणि तारांची जाळी. तानाजी बनियनवर बसून कसल्यातरी तारेला डाग देत होता. मला बघून उठला.

"काका? नंदा बरी हाय ना?"

"तू तिच्या पडद्यातला माल काढलास?" मी सरळच विचारलं.

त्याचा चेहरा पडला. "कोण बोल्ला? पोंक्षेसाहेब? काका, कसम से, मी नाय. आणि ती काच बदलायची म्हणजे काय बल्ब बदलायचाय? नवी काच जुन्या भागांशी जमवायला चार दिवस मरावं लागतं. खंडेनवमीला मी आलेलो, फडक्याने पुसलं, मंदाकिनीबाईंनी प्रसाद दिला, मी गेलेलो. बास."

"त्या वेळी नंदाचा पडदा नंदाच्याच टेबलावर होता?" केशरबाईंनी विचारलं.

"हो ना. मी पेन्सिल हलवून बघितली. सवय हाय मला."

"चिठ्ठी कशाने चिकटवली होतीस?"

"चिकटपट्टीने. चारी बाजूंनी. का?"

केशरबाई हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. "चिठ्ठी खळीने चिकटवलेली आहे. मैद्याची खळ. वास येतो अजून."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. दुकानात पानांवर दुरुस्तीचे तुकडे चिकटवायला खळ शिजवतात. तिची वाटी तिथल्या टेबलावर असते. बाहेरून आलेला माणूस आपल्या खिशातली पट्टी वापरतो, आणि दुकानातल्या माणसाचा हात खळीकडे जातो.

"म्हणजे दुकानातलं कोणी?" मी म्हणालो. "तिथे आहेच कोण? नंदा, पोंक्षे, मंदाकिनीबाई आणि तुम्ही."

"मलाही धरा," केशरबाई म्हणाल्या. "पण आधी पोंक्ष्यांना धरा. मॉनिटर महाग पडला म्हणून उन्हाळाभर कुरकुरत होते. परत केला असेल गुपचूप?"

मला एकदम ते पटलं. रागाने कान तापले. मी काही बोलणार, तोच तानाजीने डाग द्यायची कांडी खाली ठेवली.

"परत नाय केला, बाई. परत करायला माझ्याकडेच यावं लागलं असतं, मीच आणलेला. तो पडदा अजून दुकानातच असंल."

"दुकानात कुठे? लपवायला जागा कुठे आहे तिथे?" मी म्हणालो.

केशरबाईंनी कानावरची पेन्सिल काढून पिशवीत टाकली आणि उठल्या.

"लपवायला जागा नाही. म्हणून तर तो सगळ्यांच्या समोर आहे, गुणाजी."

४

परतताना डोंबिवलीला उतरलो. मंदाकिनीबाई तिथेच राहत. "तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत," केशरबाई म्हणाल्या. मी विचारलं, "बाई, तुम्ही म्हणता तसं असेल तर पडदा त्यांच्याच टेबलावर आहे. पेन्सिल हलवली की झालं. घरी कशाला?"

"पडदा कुठे गेला ते पेन्सिल सांगेल. का गेला, ते नाही सांगणार."

चाळीतली एक खोली होती. आत खाटेवर त्यांची म्हातारी आई. मंदाकिनीबाई आम्हाला बघून दचकल्या, पण लगेच चहा टाकला. साधी, ताठ बाई. दुकानातली सगळ्यांत जुनी. मराठी टाइपरायटरवर शिकलेली, स्पर्धेत बक्षीस मिळवलेली. नंदाला यंत्रावर बसायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मला त्यांच्यासमोर जड जात होतं.

"नंदा कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"पडून आहे. डोक्याला फडकं बांधून."

कपात चहा ओतताना थोडा बशीत सांडला. "बिचारी," त्या म्हणाल्या. "लहान आहे. तिला दुखलं की ती ओरडते. चांगलं आहे ते."

"तुला नाही दुखत?" केशरबाईंनी विचारलं.

"मला? छे. माझे डोळे दगडाचे आहेत. साहेब म्हणतातच."

"दसऱ्याच्या दिवशी कुठे होतीस?"

"घरीच. सणाचा दिवस. जाणार कुठे?"

"दुकानाची किल्ली तुझ्याकडे असते ना?"

"असते. साहेबांकडेही असते." त्यांचा आवाज किंचित चढला. "केशरबाई, तुम्ही मला विचारताय?"

"सगळ्यांनाच विचारतेय गं. गुणाजीलाही विचारलं."

मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी चहाचा घोट घेतला.

दिवेलागण झाली होती. समोरच्या चाळीत दोन-चार बल्ब लागले. मंदाकिनीबाई खिडकीशी गेल्या, विषय बदलायला असेल.

"सणासुदीचे दिवस आले की दिवे बघा कसे दिसतात. एकेका दिव्याभोवती रंगीत कडी. तांबडं, निळं. इंद्रधनुष्यच जणू. मला फार आवडतं."

मी बाहेर पाहिलं. पिवळे बल्ब होते. साधे, माश्यांनी माखलेले. मला एकही कडी दिसली नाही.

मी केशरबाईंकडे बघितलं. त्यांच्या गालातली लवंग थांबली होती. माणसाने विस्तवावर पाय ठेवावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

जिना उतरताना त्या माझ्या खांद्याला धरून उतरल्या. "चोर सापडला का, बाई?" मी विचारलं.

"चोर दुपारीच सापडला होता," त्या म्हणाल्या. "आता मला वेगळीच भीती वाटतेय."

५

शनिवारी नंदाही आली. नको म्हटलं तरी आली. डोक्याला फडकं बांधून पोंक्ष्यांच्या समोर उभी राहिली. तानाजीही आला होता, दाराशी, आत यावं की नाही अशा विचारात. मंदाकिनीबाई आपल्या यंत्रावर बसल्या होत्या.

केशरबाईंनी मोठ्या टेबलावर पानं मांडली. दसऱ्याआधीची डावीकडे, नंतरची उजवीकडे.

"पोंक्षे, पान कोणी जुळवलं ते तुम्हाला कसं कळतं?"

"ट्रेवरून. हा नंदाचा, हा मंदाकिनीचा. छापलेली पानं मंदाकिनी ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये ठेवते."

"ट्रेवर माझा विश्वास नाही. चुकीवर आहे. हे वाचा."

पोंक्ष्यांनी चष्मा सारखा केला. "कविता."

"नीट वाचा."

"किवता." पोंक्षे हसले. "अहो, ही तर..."

"ही चूक कोण करतं? टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असते. आपल्या संगणकावर ती अक्षरानंतर मारायची. जन्मभर टाइपरायटर बडवलेलं बोट घाईत वेलांटी आधी मारतं, आणि ती मागच्या अक्षराला जाऊन चिकटते. कवितेची किवता होते. पहिलाचा पिहला होतो. तुमच्या संपादकीयाखाली तर तुमचंच नाव हिरहर झालंय."

दाराशी तानाजी खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"नंदा टाइपरायटर शिकलीच नाही," केशरबाई म्हणाल्या. "ती थेट संगणकावर बसली. म्हणजे हिरहर आणि किवता ज्या पानावर, ते पान मंदाकिनीचं. मग ते कोणत्याही ट्रेमध्ये असो. आणि असली निम्मी पानं नंदाच्या ट्रेमध्ये निघाली आहेत."

नंदाने मान वळवली. मंदाकिनीबाईंची बोटं थांबली होती. त्या मागे वळल्या नाहीत.

"आता टिंबं बघा. हात चुकतो, डोळा ती चूक पकडतो. डोळा थकला की सगळ्यात आधी अनुस्वार सुटतात, कारण ते सगळ्यात लहान. दसऱ्याआधीची वेलांटीवाली पानं घ्या. आंबा नाही, आबा. संपादक नाही, सपादक. टिंबं झाडावरून गळावीत तशी गळालीत. आणि दसऱ्यानंतर, त्याच वेलांटीच्या चुका, पण टिंबं आली परत. इकडे नंदाची पानं उलटी. दसऱ्याआधी टिंब न् टिंब जागेवर, नंतर गळायला लागली." केशरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "माणसं तीच, बोटं तीच. बदलले फक्त डोळ्यांसमोरचे पडदे. दोन्ही मॉनिटरचं कवच सारखं. आतला माल कोणी काढला नाही, पोंक्षे. दसऱ्याला दुकान बंद असताना मॉनिटरची टेबलं बदलली. पट्टी सोलून चिठ्ठी काढली आणि इकडच्या मॉनिटरला खळीने लावली. गुणाजीच्या जुडग्याचा दोरा कापून तो इकडे आणून बांधला, रिबिनीच्या गाठीने."

मग केशरबाई उठल्या आणि मंदाकिनीबाईंच्या यंत्राजवळ गेल्या. त्यांच्या काचेसमोर पेन्सिल हलवली.

नुसता एक धुरकट पट्टा दिसला.

"तानाजी, हा बंद कर आणि जरा तिरका कर."

तानाजीने मॉनिटर उचलून कलंडवला. आत काहीतरी खुळखुळलं. मग वरच्या फटीतून तीन-चार भाताचे दाणे टेबलावर पडले. आमच्या कोलशेतच्या भाताचे, लांब कुसाचे.

६

मंदाकिनीबाई रडल्या नाहीत. टेबलावरच्या दाण्यांकडे बघत बसल्या.

पोंक्षे लालबुंद झाले होते. "तू? इतकी वर्षं मी तुझ्यावर दुकान सोडून जातो आणि तू..."

"माझ्या डोक्यात घण पडत होते, मंदाताई," नंदा म्हणाली. आवाज बारीक होता पण कापत नव्हता. "तुम्ही समोर बसून बघत होतात. मला पाणी आणून देत होतात. आणि पानंसुद्धा माझ्या ट्रेमध्ये?"

"हो," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "माझ्या चुका साहेबांना दिसू नयेत म्हणून. पडद्याचं रोज ठरवायचे, आज परत बदलते. आणि रोज सकाळी त्या काचेसमोर बसल्यावर वाटायचं, अजून एक दिवस. इतकी वर्षं डोळे जळतात माझे. कपाळ ठणकतं. डोळ्यांत पाणी आलं तर मी खालच्या नळावर जाऊन तोंड धुते. तू तक्रार केलीस, तुला पडदा आला. मला कधी कोणी विचारलंच नाही."

"तू कधी बोललीस?" पोंक्षे ओरडले.

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतंत? काल नंदाला काय म्हणालात? सोमवारी दुसरी येते आहे म्हणून."

पोंक्ष्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"चल, ऊठ," केशरबाई मंदाकिनीबाईंना म्हणाल्या. "चप्पल घाल."

"पोलिसांत?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आत्ता. उद्या रविवार, दवाखाना बंद. नंतर भांडा सगळ्यांनी."

कोणालाच काही कळेना. केशरबाईंनी उजवीकडचं एक पान उचललं.

"चांगल्या पडद्यावर टिंबं परत आली, पण सगळी नाही आली. हे बघा, ही तीन अजून गायब आहेत. म्हणजे दोष नुसता पडद्यात नाही. आणि काल ही मला दिव्यांभोवतीची रंगीत कडी दाखवत होती. मला नाही दिसली, गुणाजीला नाही दिसली. माझ्या थोरल्या बहिणीला दिसायची. आम्ही सगळे म्हणायचो, काय भाग्यवान बाई आहे, हिला रोज दिवाळी. दोन वर्षांत ती भिंतीला हात लावून चालायला लागली."

तेव्हा मंदाकिनीबाईंचा चेहरा पहिल्यांदा बदलला. काल चिठ्ठीचा, किल्लीचा विषय निघाला तेव्हाही त्या एवढ्या घाबरल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि चप्पल शोधू लागल्या. ती पायाजवळच होती, पण त्यांना सापडेना. नंदाने वाकून ती त्यांच्या पायासमोर सरकवली.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. आम्ही बाहेर बसलो. आत बराच वेळ गेला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "काचबिंदू. डोळ्यात दाब वाढलाय. जेवढी नजर गेली ती परत येणार नाही. उरली आहे ती आपण राखू. वर्षभराने आला असतात तर राखायला काही नसतं. कोणी आणलं हिला?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. काय सांगायचं? चोरीने आणलं?

सोमवारी नवी मुलगी आली नाही, पोंक्ष्यांनीच तिला नको म्हणून कळवलं. मंदाकिनीबाईंनाही ते काढणार होते. तोंडातून शब्द निघालेच होते, तेव्हा नंदा म्हणाली, "पडदा माझ्यासाठी आणला होता ना साहेब? मग तो कोणाला द्यायचा ते मी सांगते. सकाळी मी बसेन, दुपारी त्या. राहिलेला वेळ दोघी केशरबाईंजवळ कागदावर मुद्रितं तपासू. तुमचा अंक वेळेवर देऊ." मग मंदाकिनीबाईंकडे वळून म्हणाली, "मी अजून तुमच्याशी बोलत नाहीये. हे कामाचं आहे."

न बोलणं दिवाळीपर्यंत टिकलं. मग फराळाच्या डब्यावरून मोडलं.

तानाजीची मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे ना काका." आणि नंदाकडे बघून पुन्हा हसला. ते हसणं मला अजूनही आवडत नाही, पण आता मी गप्प बसतो.

मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांत दिवसातून दोनदा थेंब घालायचे असत. वेळ झाली की नंदा हाक मारी. आणि रोज सकाळी दुकानात आल्या आल्या केशरबाई सगळ्यात आधी मंदाकिनीबाईंची आदल्या दुपारची पानं घेत. चुका काढायला नाही. नुसती टिंबं बघायला. तेवढा वेळ दुकानात कोणी बोलत नसे. पोंक्षेसुद्धा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत.

एका सकाळी पेन्सिल थांबली. केशरबाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"आबा," त्या हळूच म्हणाल्या.

नंदाने काम थांबवलं. पोंक्षे दारातून पुढे आले. टिंब गळालं होतं. थेंब घालून, पडदा देऊनही गळालं होतं.

मंदाकिनीबाई शांतपणे उठल्या. खिळ्याला लावलेली मूळ प्रत काढली आणि केशरबाईंसमोर ठेवली.

"'आबा झाडाखाली बसले होते,'" त्यांनी वाचून दाखवलं. "माणूस आहे तो, केशरबाई. फळ नाही."